वसुंधरा घरी आली की फोटो रडतो

त्या संध्याकाळी सुकापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एवढी गर्दी झाली होती की मला, म्हणजे घरमालकाला, स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर उभं राहावं लागलं. गेले काही दिवस तो संध्याकाळी रडतो अशी बातमी पसरलेली, त्यामुळे सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे. माझी बायको वसुंधरा ऑफिसातून आली, पर्स ठेवली, रोजच्यासारखा एसी लावला आणि सोफ्यावर टेकली. थोड्या वेळाने काचेच्या आतून, बरोबर आईच्या चेहऱ्यावर, थेंब धरले. एक ओघळला.

"रडली गं बाय!" शेजारच्या रंभाकाकू ओरडल्या. "सून घरात आली का सासू रडते!"

आई गेल्या वर्षी वारली. तिचा तरुणपणचा एक देखणा कृष्णधवल फोटो सापडला, तो मी स्वतःच्या हातांनी मढवला. विमा कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून आपण कलाकार असल्याचा भास होतो, तसा मला झाला. फोटो काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घालतात, एवढं मला कळलं होतं. एक पुठ्ठा पातळ वाटला, म्हणून दोन घेऊन खळीने चिकटवले आणि त्यांत लंबगोल खिडकी कापली. ती बटाट्यासारखी झाली. मग मागून चिकटपट्टी अशी मारली की मुंगीही आत शिरू नये. नेमकी तीच पट्टी चमत्काराचा पुरावा ठरली. "आत हात घालायला फटच नाय!" असं रंभाकाकू प्रत्येक नव्या माणसाला दाखवत होत्या.

रंभाकाकूंनी निरोप धाडला होता, म्हणून नेऱ्याच्या फार्महाऊसवरून त्यांचे गुरू मिथुन महाराज आले. त्यांनी काचेला कान लावला.

"आत्म्याला रेंज आहे, पण शांतीचा रिचार्ज संपलाय," ते म्हणाले. "या घरात माउलीला कुणीतरी दुखावलंय." आणि वसुंधराकडे बघून डोळे मिटले. "सुनेने नोकरी सोडून फोटोपुढे बसावं. नाहीतर माहेरी राहावं."

जाताना त्यांनी प्रसाद म्हणून स्वतःचा एक कृष्णधवल फोटो दिला.

वसुंधराने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काही बोलणार आहात का?"

सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी 'विज्ञाननिष्ठ व्हा' असे सुविचार धाडणारा मी घसा खाकरून म्हणालो, "महाराज अनुभवी आहेत गं."

ती चार कपडे घेऊन खालच्या मजल्यावर रेबेका बाईंकडे निघून गेली. रेबेका बाई निवृत्त विज्ञानशिक्षिका. त्यांचे बहुतेक नातलग इस्राएलला गेलेले, त्यामुळे भिंतीभर जुने कृष्णधवल फोटो, सगळे त्यांनी स्वतः मढवलेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या वर आल्या.

"ही भिंत पश्चिमेची ना? दुपारी तापते?"

"हो, चांगलीच."

"आणि चिकटवलेले पुठ्ठे वाळवले होते का?"

"वाळवायचे असतात?" मी विचारलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग चिकटपट्टी सोडवून आईचा फोटो बाहेर काढला. पुठ्ठा बोटाला गार आणि दमट लागत होता. त्याच माउंटमध्ये त्यांनी महाराजांचा फोटो बसवला, फ्रेम पुन्हा बंद केली आणि त्याच खिळ्याला लटकवली. "संध्याकाळी महाराजांना बोलवा. वसुंधरा खालीच राहील."

संध्याकाळी पुन्हा गर्दी. भिंतीवर स्वतःला बघून महाराज खूश झाले. रेबेका बाईंनी एसी लावला. थोड्या वेळाने महाराजांच्या दाढीवर थेंब धरले आणि घळाघळा ओघळू लागले.

रंभाकाकूंनी भाबडेपणाने विचारलं, "महाराज, तुमाला कोन छळतंय? घरी सून हाय का?"

हशा पिकला. महाराज म्हणाले, "हे, हे भक्तांसाठीचे अश्रू आहेत."

"मग एसी बंद केल्यावर भक्तांवरचं प्रेम आटतं का, तेही बघू," रेबेका बाई म्हणाल्या. पण तोवर महाराज चपला शोधत होते.

बाईंनी सगळ्यांना समजावलं. उन्हाने भिंत तापली की ओल्या पुठ्ठ्यातली वाफ सुटते. फ्रेम बंद, वाफ जाणार कुठे? एसीने काच गार झाली की तिच्यावर पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसंच. माउंटच्या खिडकीतच काच मोकळी, म्हणून ते चेहऱ्यावर दिसतं. आणि घरात एसी लावते कोण? दमून आलेली वसुंधरा.

मी खाली गेलो. पुठ्ठे, खळ, वाफ, सगळं तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं, जणू शोध मीच लावला होता.

"आई रडत नव्हत्या, हे कळलं," ती म्हणाली. "पण समजा, खरंच रडत असत्या, तर त्या माझ्यामुळेच, हे तुम्हाला कसं पटलं?"

या वेळी एकही सुविचार न ऐकवता मी माफी मागितली. ती घरी आली, पण आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते योग्यच होतं.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी फोटो रडला, मूर्ती घामाघूम झाली, तर हात जोडण्याआधी मागची पट्टी सोडवून बघा. आणि घरातल्या कुणाकडे बोट दाखवण्याआधी तर नक्कीच बघा. पुठ्ठा उन्हात वाळतो. माणसावर घेतलेला आळ इतक्या सहज वाळत नाही.