थंड स्वभावाचा मुलगा

आमच्या घराण्यात माणसं रागाने मरतात, असं बाईचं, म्हणजे माझ्या आईचं, ठाम मत. आजोबा हमालावर ओरडताना कोसळले, बाबूजी गिऱ्हाइकावर. दोघांनाही धड चाळिशी दिसली नाही. म्हणून लहानपणापासून बाईने मला मौन धरायला लावलं. राग आला की ओठ मिटायचे आणि मान डोलवायची. क्रोध जिंकणं आम्हा जैनांत मोठंच मानतात. आमच्या घरी तर ते औषधच झालं.

जळगावच्या आमच्या कापडदुकानात बायका सगळी ठाणं उलगडायला लावून रिकाम्या हाताने जात. मी हसत घड्या घालत बसे. "तुना स्वभाव भलता थंडा शे, भाऊ," त्यांतलीच पारोळ्याची तानुबाई म्हणायची. मनात मी तिला काय काय म्हणायचो ते सोडा.

त्र्याहत्तर साली शिरपूरहून कुसुमलताचं स्थळ आलं. मुलगी मला आवडली, सरळच सांगतो. म्हणूनच धास्तावलो. बाईसारखं तिलाही भर तारुण्यात पांढऱ्या साडीत बसवायचं नव्हतं. होकार देण्याआधी गुपचूप धुळ्याला एका डॉक्टरांकडे गेलो.

बसल्याजागी माझा रक्तदाब चांगला निघाला. मी खुशीत उठणार, तोच त्यांनी बर्फाचं पाणी मागवून माझा हात मनगटापर्यंत त्यात बुडवला. हात ठणकू लागला. मी सवयीने हसत राहिलो. यंत्रातला पारा मात्र चढतच गेला.

"चेहऱ्यावर काहीच दिसत नाही हो तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "पण आत नसा खवळल्यात. वडिलांना दाब असला की काही मुलांच्या नसा तरुणपणीच अशा दचकतात. आजार होईलच असं नाही, पण तपासत राहा."

"आणि एवढा राग गिळला तो?"

"तोंड मिटल्याने नसा थोड्याच गप्प बसतात?"

एसटीत मी रडलो. इतकी वर्षं जे जे गिळलं, ते सगळं फुकट गेलं होतं. आता लग्नाला नाही म्हणायचं, एवढंच हातात उरलं होतं.

बाई दारातच उभी होती. "निर्मल, होकार कळवू ना रे शिरपूरला?"

नाही, असं ओरडायचं होतं मला. बाबूजींसारखं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. संताप घशाशी आला आणि ओठ आपोआप मिटले. मान डोलली.

"गुणाचं माझं पोर!" म्हणत बाई ट्रंककॉल लावायला शेजारच्या रुपचंदकाकांकडे धावली. मला तिला हाकसुद्धा मारता आली नाही.