शेडमधली जागा

गजेंद्र सरपोतदार हा तत्त्वासाठी भांडणारा माणूस होता. हे त्याचं स्वतःचं मत. त्याच्या बायकोचं, सोनलचं, मत असं की तत्त्वं त्याला जरा जास्तच भेटतात. पुण्याला सोसायटीच्या जिन्यात कोणी चपला काढल्या की तिथे तत्त्व, मस्कतला मंडळाच्या गणपतीत त्याचं निवेदन दोन मिनिटांनी कापलं की तिथे तत्त्व, आणि हायपरमार्केटातल्या कोथिंबिरीच्या जुडीत पिवळी पानं निघाली की तिथेही तत्त्वच. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर माशीच्या वरिष्ठांना जाऊन भेटायचं, असा त्याचा खाक्या. लोक मागून हसत, पण समोर वचकून असत, आणि ते त्याला आवडायचं.

मस्कतजवळ रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे पाइप बनवणारा एक कारखाना होता. तिथे तो नऊ वर्षं प्लॅनिंग मॅनेजर होता. ऑफिसच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती, साहेब लोकांच्या गाड्यांसाठी. ज्यानं मस्कतचा उन्हाळा काढला नाही त्याला त्या पत्र्याची किंमत कळायची नाही. उन्हात राहिलेल्या गाडीचं स्टिअरिंग दुपारी रुमालाशिवाय धरवत नाही, पट्ट्याचं बक्कल हाताला चटका देतं. पण खरं सांगायचं तर प्रश्न चटक्याचा नव्हताच. शेडमध्ये गाडी असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत फरक होता, आणि तो गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होता.

दोन हजार चौदाच्या एप्रिलमध्ये शेडच्या एका टोकाला नवा जनरेटर बसला आणि एक जागा कमी झाली. ॲडमिनवाल्यानं कोणालाही न विचारता गजेंद्रची गाडी बाहेर काढली. मेंटेनन्सचा मॅनेजर रमण, केरळातल्या पालक्काडकडचा, येऊन जेमतेम वर्ष झालेला, त्याची जागा मात्र शाबूत राहिली. त्याला दिवसातून चारदा बाहेर जावं लागतं, असं कारण देण्यात आलं. गजेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जेवताना, झोपताना, मुलीचं, सईचं, गणित घेताना त्याला तोच विषय. सोनलनं शेवटी विचारलं, की अरे, एक पांढरं कापड टाक ना गाडीवर. त्यावर तो दोन दिवस तिच्याशी नीट बोलला नाही.

त्याच सुमारास नंदू परब त्याच्याकडे आला. नंदू देवगडजवळच्या एका गावातला, पाइपच्या मशीनवर ऑपरेटर. कारखान्यात कोकणातली बरीच माणसं होती, आणि काही अडलं की ती गजेंद्रच्या टेबलापाशी येत. साहेब लोकांत मराठी बोलणारा तो एकटाच. बाकीच्यांशी हिंदी, आणि नंदूची हिंदी म्हणजे दोन शब्द चालायची, तिसऱ्याला ठेचकाळायची.

अडचण बसची होती. मबेलाच्या कॅम्पातून कामगारांना आणणाऱ्या बसचा एसी मार्चपासून बंद पडला होता. खिडक्या काचेच्या, बंद. दुपारी तीनला शिफ्ट सुटायची तेव्हा ती बस सकाळपासून उन्हात तापलेली असायची, आणि तिच्यात पन्नास माणसं बसायची. पोरं ओकत होती. शरीफ नावाचा वयस्क वेल्डर परवा उतरताना पायरीवरच कोसळला होता. ॲडमिनला सांगून झालं होतं. पण बसचं कंत्राट होतं अर्बाबच्या मेहुण्याकडे, आणि अर्बाब म्हणजे कारखान्याचा मालक. मेहुण्याची तक्रार घेऊन मालकाच्या दारात जायला ॲडमिनवाला काही वेडा नव्हता.

"साहेब, तुमी सांगलात तर अर्बाब आयकतलो," नंदू म्हणाला. "आमचां कोण आयकता?"

गजेंद्रला हे ऐकून बरं वाटलं. गुरुवारी बोलतो, असं त्यानं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्या क्षणी तो खरोखरच बोलणार होता.

गुरुवारी सकाळी अर्बाब कारखान्यात येई. मॅनेजर लोकांसाठी कहवा आणि खजूर मांडलेले असत, आणि ज्याला काही मागायचं असेल त्यानं आत जाऊन मागावं अशी रीत होती. एका वेळी एकच मागणं. हे कोणी सांगितलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. दोन गोष्टी घेऊन गेलेल्या माणसाची एकही धड होत नाही, असा अनुभव होता.

बुधवारी दिवसभर गजेंद्र मनाशी बोलत राहिला. बसचं सांगावं तर मेहुणा मध्ये येतो. अर्बाबला राग आला तर? हात दाखवून अवलक्षण. शिवाय बस हा आपला विभाग नाही, तो ॲडमिनचा. जागेचं तसं नाही. जागेत आपल्यावर सरळ अन्याय झालाय, तिथे गप्प बसणं म्हणजे अन्यायाला खतपाणी. आणि एकदा आपला मान जाग्यावर आला की मग पोरांसाठी बोलायलाही वजन राहील. हा शेवटचा मुद्दा त्याला इतका पटला की आपण जागा मागतोय ती नंदूसाठीच, असं त्याला जवळजवळ वाटू लागलं. स्वतःशी वकिली करणाऱ्या माणसाला प्रतिपक्ष नसतो.

गुरुवारी तो आत गेला तेव्हा अर्बाब खुशीत होता. गजेंद्रनं जागेचं सगळं सांगितलं, नऊ वर्षांसकट. हिंदीत सांगितलं, अर्बाबची हिंदी त्याच्या खालच्या अर्ध्या हिंदुस्थानी माणसांपेक्षा बरी होती. म्हातारा पोट धरून हसला. एवढंच ना, म्हणाला, घे तुझी जागा, रमणची गाडी बाहेर लावू. मग त्यानं खजुराची बशी पुढे सरकवली आणि विचारलं, "और कुछ, गजेंद्र?"

सरळ विचारलं. रीत बाजूला ठेवून, आपण होऊन विचारलं. दार त्याहून सताड कोणी उघडत नाही.

गजेंद्रच्या डोळ्यांसमोर नंदू आला, हे त्याला नंतर नाकारता आलं नाही. पण अर्बाब हसत होता, आणि त्या हसऱ्या तोंडावर मेहुण्याचं नाव कशाला टाकायचं, असं त्याला वाटलं.

"नहीं अर्बाब," तो म्हणाला. "खलास."

बाहेर बाकावर रमण आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. गजेंद्रनं त्याच्याकडे न बघता दार ओढून घेतलं.

रविवारी शेडमध्ये गाडी लावताना त्यानं उगाच दोनदा पुढेमागे केली. रमणची गाडी बाहेर उन्हात होती. रमण नेहमीसारखी मान हलवून आत गेला. गजेंद्रनं मनात म्हटलं, आता कळलं. दुपारी नंदूनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बोललोय. बघू, इन्शाल्ला." हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही.

आणि पुढच्या मंगळवारी दुसरी बस आली. नवी नव्हती, पण आत गार होती. तीन वाजता शिफ्ट सुटल्यावर दहाबारा माणसं शेडपाशी आली, नंदू पुढे, त्याच्या हातात हलव्याचा डबा. त्यांनी गजेंद्रला घेरलं. आपला माणूस वर असला की असं होतं, एकजण म्हणाला. शरीफनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोन गाड्या पलीकडे रमण कुणा मेकॅनिकशी बोलत उभा होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. गजेंद्र गोंधळला, पण क्षणभरच. अर्बाबच्या कानावर कसं तरी गेलं असेल, असं त्यानं ठरवलं, आणि डबा घेतला. "अरे, त्यात काय एवढं," तो म्हणाला.

ते काय एवढं होतं, ते त्याला गुरुवारी कळलं. अर्बाब त्या दिवशी वैतागलेला होता. बायकोचा भाऊ आठवडाभर आपल्याशी बोलत नाही, घरात कटकट चालू आहे, असं सांगून म्हणाला, सगळं त्या रमणमुळे. त्या दिवशी तू गेलास आणि तो आला. मला वाटलं जागेवरून भांडायला आलाय. मी आधीच सांगून टाकलं की जागा दिली, खलास, आता काही मागू नकोस. तर म्हणतो, जागा राहू दे, मला बस हवी. मी ओरडलो, तरी उठेना. बस तीन वाजता स्वतः येऊन बघा म्हणाला. गेलो मी. दोन मिनिटं बसलो त्या बसमध्ये. अर्बाबनं पेला खाली ठेवला आणि गजेंद्रकडे बघितलं. "तुमको मालूम नहीं था?"

माहीत होतं असं म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, आणि नव्हतं म्हणावं तर ते खोटं. गजेंद्रनं मान खाली घातली, आणि अर्बाबनंही फार ताणलं नाही. बाहेर आल्यावर त्याचे कान तापले होते. नऊ वर्षं, सोसायटी, मंडळ, कोथिंबीर, सगळी भांडणं त्याला ओळीनं आठवली, आणि प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखी निघाली. हरलो तर आपलं काही जाणार नाही, याची खात्री करूनच तो प्रत्येक वेळी मैदानात उतरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो रमणच्या खोलीत गेला आणि दार लावून उभा राहिला. त्या दिवशी पोरं मला डबा देत होती तेव्हा तू का बोलला नाहीस, असं त्यानं विचारलं. रमण कसलासा पंप उघडून बसला होता. त्यानं हात पुसले. म्हणाला, पोरं तुमच्याकडे आधी गेली होती, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. मी गेलो ते तुम्ही आत बसबद्दल बोलला नाहीत हे दारातून ऐकू आलं म्हणून. मी जाणार होतो दुसऱ्याच कामाला. मग त्यानं फडकं बाजूला ठेवलं. "देखो सर, मेरा मराठी ज़ीरो. वो लोग अपना बात आपको बता सकता है. आपके ऊपर भरोसा गया तो अगली बार किसके पास जाएगा?"

गजेंद्रनं शेडमधली जागा परत घे म्हणून सांगितलं. रमण म्हणाला, आता एका गाडीसाठी पुन्हा अर्बाबकडे कोण जाणार, राहू द्या. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गजेंद्रला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी शेडमध्ये गाडी लावताना त्याला कोणीतरी बघतंय असं वाटायचं. आठवडाभरानं नंदू पुन्हा आला, टेबलापाशी उभा राहून हळूच म्हणाला, "साहेब, रमण साहेबांची गाडी उन्हात उबी आसता. माणूस बरो आसा तो. तुमी अर्बाबाक सांगलात तर तेंकाय जागा मिळात."

मग मात्र गजेंद्रला ते सोसलं नाही. रमणनं सांगितलेलं शहाणपण त्याला आठवत होतं, पण त्यानं सगळं सांगून टाकलं. मी बसबद्दल बोललोच नाही. मी ही जागा मागितली. बस रमणनं आणली. आणि खोटं का बोला, त्या बोलण्यात थोडा आपल्या खरेपणाचा कढही होता. इतकं स्वच्छ कबूल करणारा माणूस किती वाईट असणार, असं कुठेतरी आत वाटत होतंच.

नंदूनं ऐकून घेतलं. "आसूं दे, साहेब," तो म्हणाला. "झालां तां झालां. बस गार झाली ना." आणि मशीनवर निघून गेला. गजेंद्रला मोकळं वाटलं. त्या संध्याकाळी त्यानं सोनललाही सांगितलं. तिनं त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

जूनचे दिवस आले. कॅम्पाच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या उघड्या उन्हात तापत होत्या, आणि पोरांना सकाळीसुद्धा नळाचं पाणी सोसत नव्हतं, असं गजेंद्रला उडत उडत कळलं. नंदू येईल म्हणून तो वाट बघत राहिला. या वेळी काय बोलायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं, मेहुणा असो की आणखी कोणी. बुधवारी त्यानं शेडचा, जागेचा, कशाचाही विचार केला नाही. नंदू आला की गुरुवारी आत जायचं, एवढंच.

नंदू बुधवारी दुपारी आला. गजेंद्रनं खुर्ची मागे सरकवली. नंदू टेबलाशी आला, "राम राम साहेब" म्हणाला, आदरानं म्हणाला, आणि तसाच पुढे गेला, रमणच्या खोलीच्या उघड्या दारात उभा राहिला.

"साब, टाकी का पानी," नंदूनं सुरुवात केली. "बहुत गरम. नहाने को... वो अंग पे..." तो अडला. त्याला फोड येतात असं सांगायचं होतं, आणि त्याला हिंदी शब्द आठवत नव्हता. गजेंद्रला आठवत होता. तो उठला, दोन पावलं गेलाही, शब्द त्याच्या जिभेवर होता.

तोवर नंदूनं सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली होती. रमण खुर्चीतून उठला, चष्मा लावला, आणि त्याचा हात हातात घेऊन बघू लागला.