डावीकडची गिरकी

"थांबव. मागे घे," ताई म्हणाली आणि संकलक मुलीची वाट न पाहता तिने स्वतःच बटण दाबलं.

पडद्यावर मुखवटा घातलेला राजपुत्र हवेत अडकून राहिला. बॅले संस्थेच्या वर्धापनदिनासाठी जुन्या चित्रफिती जोडून माहितीपट करायचं चाललं होतं. कोणती उडी कोणती हे सांगायला संस्थेची निवृत्त शिक्षिका म्हणून तिला बोलावलं होतं. सकाळपासून ती सांगत होती: हा जागेवरून सरळ वर जाऊन हवेत दोन फेऱ्या घेतोय, ती दुहेरी तूर, हा पिंप गडगडावं तसा आडवा फिरतोय, तो बॅरल टर्न. इथे उडीचं नाव बरोबर होतं. त्याखालचं माणसाचं नाव वाचून मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इथे संचालकांचं नाव कसं? हा माझा भाऊ आहे."

"पण ताई, ही भूमिका दोघं आलटून पालटून करायचे ना? तुमचे भाऊ डावीकडे फिरायचे. हा उजवीकडे फिरतोय. म्हणून ऑफिसातून सांगितलं, हे संचालकच."

तेही खरंच होतं. डावीकडे फिरणारा सगळ्या संस्थेत तो एकटाच. उजवीकडे वळवता वळवता गुरूंचा घसा बसला, पण हा वळला नाही, आणि त्याचं नाव डावऱ्या पडलं ते पडलंच. पण कॅमेरा आला होता त्या संध्याकाळी डावऱ्याच नाचला होता. ताई पुढच्या रांगेत बसली होती. पडदा पडल्यावर फुलं घेऊन रंगपटात गेली होती. एवढं का ती विसरणार होती?

ती खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसली. चौकटीच्या खालच्या कडेला वाद्यवृंदाची एक रांग दिसत होती. सगळ्या व्हायोलिनवाल्यांचे गज डाव्या हातात.

"एवढे सगळे डावखुरे कुठून गोळा केले गं आम्ही?"

मुलीने जीभ चावली. फीत संगणकावर उतरवताना डावी-उजवी उलटी झाली होती. तिने ती सुलटी केली. गज उजव्या हातांत गेले आणि राजपुत्र डावीकडे फिरला.

ताई ती चित्रफीत मोबाइलवर घेऊन तडक संचालकांच्या खोलीत शिरली. दार वाजवलं नाही. ज्या मुलाला आपल्या ताटातलं वाढलं, त्याच्या दारावर कसली टकटक!

"दुसऱ्याच्या उडीला स्वतःचं नाव लावताना जनाची नाही, निदान मनाची तरी वाटायला हवी होती. तो घरात काठी टेकत फिरतोय. त्याची एवढी एकच उडी उरलीय, तीही तुला पुरली नाही?"

संचालकांनी मोबाइल हातात घेतला. शेवटपर्यंत पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज चढला नाही.

"डावीकडेच आहे खरी."

"मग?"

"डावऱ्याचं नाव लावा. मी सांगतो त्या मुलीला." मग ते म्हणाले, "ताई, त्याला हे दाखवायलाच हवं का?"

"का? तोंड दाखवायची लाज वाटते?"

त्यांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला. माफीचा एक शब्दही नाही. घरी पोचेपर्यंत ताई त्या न मागितलेल्या माफीवर धुमसत होती.

डावऱ्या खिडकीशी बसला होता. दारात चपला काढता काढताच तिने सगळी हकिगत ऐकवली, संचालकाचा यथेच्छ उद्धार केला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हा मी नाही, ताई."

"डावीकडे फिरतोय की!"

"डोकं बघ. माझं आधी यायचं, अंग मागून. याचं डोकं उशिरा येतंय. उजव्या माणसाने डावीकडे शिकलेली उडी आहे ही." तो पडद्यावर बोट ठेवून बसला. "माझा गुडघा सुजला होता. त्या प्रयोगाला मी उतरलो नसतो, तर मला काढायचंच ठरलं होतं. तो रोज तळघरात जाऊन डावीकडे फिरायला शिकला. सारखा आपटायचा. वर मुखवटा होताच. मी विंगेत उभा होतो."

"आणि माझी फुलं घेतलीस?"

"घेतली. कुणाला सांगायचं नाही, असं त्याने बजावलं होतं. तुलासुद्धा."

ताईला दोघांचाही भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा.

"तू एवढं बोललीस, मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, डावऱ्याचं नाव लावा."

डावऱ्याने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"पुन्हा स्वतःची उडी माझ्या नावावर," तो म्हणाला.

ताई दाराशी गेली आणि तिने नुकत्याच काढलेल्या चपला परत पायात सरकवल्या.