शेषरावाच्या पाण्यातली मिरपूड

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहतो: मी, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेली आई आणि शेषराव. शेषराव म्हणजे माझा साप. केशरी, बिनविषारी आणि तिघांत सगळ्यात कमी बोलणारा. पहिल्या दिवशी आई त्याला पाहून सोफ्यावर चढली होती. आता ती त्याला नातेवाइकांची भांडणं सांगते. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे इतकं लक्ष देऊन ऐकणारा तिला आयुष्यात भेटलेला नाही.

परवा त्याच्या पाण्याच्या भांड्यात मिरपूड तरंगताना दिसली. नीट पाहिलं तर मिरपूड पोहत होती. माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे बारीक किडे. सापाचं रक्त पितात.

व्हेटबाईंनी फोनवर सोपं सांगितलं. साप बाहेर काढून कोमट पाण्यात ठेव. त्याची काचेची टाकी धू, आम्ही देऊ तोच स्प्रे बेतानं मार, पूर्ण वाळू दे. मग खाली साधा कागद, आणि साप आत. घरातलं दुसरं काहीही वापरू नकोस. मी औषधांच्या कारखान्यात आहे, सूचना पाळायचाच पगार घेतो. सगळं तस्संच केलं आणि शिफ्टला गेलो.

परत आलो तर घराला जुन्या ट्रंकेचा वास.

"आई, हे काय?"

"कागदाखाली डांबरगोळ्या ठेवल्या न मी. तुह्या त्या फवाऱ्याला वासच नाही, बाप्पा. अशानं कीड मरते का?"

"किती ठेवल्यास?"

"आणली होती तेवढी सगळी पुडी. आपलं लेकरू हाये ते."

शेषराव सरळ रेषेत पडला होता, तोंड उघडं. व्हेटबाईंना फोन लावला. त्यांनी हवामानाचा विषयही काढला नाही. आयरिश माणसानं हवामान सोडलं की समजायचं. मग म्हणाल्या, "मोकळी हवा दे. आणि ऊब दे. लगेच घेऊन ये, पण फार आशा ठेवू नकोस."

बाहेर चार डिग्री. खिडकी उघडली की ऊब जाते, लावली की वास राहतो. मी त्याला जॅकेटच्या आत घेतलं आणि जिन्यावरून खाली पळालो. दारात शेजारचा ब्रेंडन भेटला. "युअर मॅन कसा आहे?" युअर मॅन म्हणजे शेषराव.

"ग्रँड," मी म्हणालो. इथे याला दुसरं उत्तर नसतं.

गाडीपाशी पोचेपर्यंत जॅकेटमधलं वजन सैल झालं. मी किल्ली परत खिशात टाकली आणि वर आलो.

आई पाण्याचं भांडं उजेडात धरून पाहत होती. "पाह्य न, एक बी किडा नाही राह्यला!"

खरंच नव्हता.

"आता बरा हाये न तो?"

"हो आई." मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "झोपलाय."

"डोळे उघडे ठेवून?"

"तो तसाच झोपतो."

आईनं टीव्हीचा आवाज कमी केला.