एका माणसाच्या हाती

मैत्री संकुलाच्या जिन्याच्या कठड्यात करंट उतरतो, हे प्रशिक मरायच्या आधी सगळ्यांना ठाऊक होतं. तळमजल्याच्या हॉलमध्ये सार्वजनिक कूलर होता. त्याचं पाणी ओघळून जिन्याशी साचायचं, आणि ओल्या पायाने कठड्याला हात लागला की मुंग्या यायच्या. कमिटीच्या बैठकीत विषय निघालाही होता. पण अर्थिंगचं काम कोणाला द्यायचं यावर गाडी अडली, कारण सचिव रुपराव बोरकरांचा साळा इलेक्ट्रिकची कामं घ्यायचा आणि खजिनदाराचा जावईही. पुढल्या बैठकीला पुरेशी माणसंच जमली नाहीत. त्यापुढल्या बैठकीत कोण कोणाच्या आधी बोलणार यावरून एकाने खुर्ची उचलली. तोवर मे महिना टिपेला पोचला, आणि माया गजभियेचा एकुलता एक मुलगा प्रशिक कॉलेजातून आला, हॉलच्या नळावर हातपाय धुतले आणि जिना चढू लागला. कठड्याला लागलेला हात त्याला सोडवता आला नाही.

मायाचा नवरा कधीच दुसरा संसार थाटून बसला होता. ती धरमपेठेतल्या एका साडीच्या दुकानात उभ्याने दिवस काढायची ती फक्त ह्या पोरासाठी.

प्रशिकच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. भंतेजी गेले, लोकांची जेवणं उरकली, आणि कमिटीची माणसं कोपऱ्यात जमून हळूहळू भांडू लागली. चूक कोणाची, एवढाच प्रश्न होता, आणि प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव होतं. माया पोराच्या फोटोपाशी बसून ऐकत होती. बऱ्याच वेळाने ती उठली आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"मले कमिटी नको," ती म्हणाली. "भांडाले नऊ जण अन् कराले कोणीच नाही. एक माणूस द्या. ज्याची मान धरता येईल असा एकच."

तो माणूस समोरच बसला होता. धम्मानंद रंगारी कोळशाच्या खाणीत सुरक्षा अधिकारी होते, नुकतेच निवृत्त झाले होते. सरळ, निर्व्यसनी, कोणाच्या चहाचेही मिंधे नसलेले. प्रशिकला जिन्यावरून लाकडी दांड्याने त्यांनीच सोडवलं होतं. रुपरावांनी स्वतःच ठराव मांडला की कमिटी बरखास्त आणि सगळा कारभार रंगारी सरांकडे. भराभर हात वर झाले. इंदुताई फुलझेल्यांचा तेवढा झाला नाही. त्या चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून म्हाताऱ्या झालेल्या बाई.

"माणूस चांगला आहे, माहा विरोध नाही," त्या म्हणाल्या. "फक्त किती दिवसांसाठी ते ठरवा. अन् त्यायच्या विरुद्ध बोलाचं झालं तर कोणापाशी बोलाचं, तेबी ठरवा."

मायाला ते शब्द तापल्या उलथन्यासारखे लागले. पोराच्या फोटोवरचं फूल सुकलं नाही आणि ही बाई कलमं काढते. त्या दिवसापासून मायाने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

रंगारी सरांनी आठवड्याच्या आत अर्थिंग करून घेतलं. बंद लिफ्ट सुरू झाली, टाक्या धुतल्या गेल्या, गेटवर रखवालदार आला. ज्या कामांवर कमिटीने वर्षं घालवली होती, ती सर सकाळी बोलायचे आणि संध्याकाळी झालेली असायची. बैठका बंद झाल्या. सर म्हणायचे की बैठकांनीच आपलं लेकरू खाल्लं. रोज संध्याकाळी ते मायाच्या घरी येऊन प्रशिकच्या फोटोसमोर घटकाभर बसायचे. कधी डोळे पुसायचे. त्यात नाटक नव्हतं, हे मायाला कळत होतं. जगात आपल्या पोरासाठी रडणारं आणखी एक माणूस आहे, एवढ्यावर ती तगली.

मग ती त्यांची कामं करू लागली. कोणाच्या बाथरूममध्ये उघडा रॉड आहे, कोणी बाहेरच्या माणसाकडून वायर ओढून घेतली, हे ती सरांच्या कानावर घालायची. लोक तिच्याशी जपून बोलू लागले. लिफ्टमध्ये ती शिरली की बोलणं थांबायचं. तिला ते आवडू लागलं, आणि आवडतं हे तिने स्वतःपाशी कबूलही केलं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी सरांनी नियम काढला. गॅलरीतला प्रत्येक कूलर ते स्वतः तपासणार. तपासलेला नसेल तर वायरमन गोलू त्याची लाइन कापणार. बाहेरचा वायरमन गेटच्या आत येणार नाही. नियम वाईट नव्हता. सरांनी खालून सुरुवात केली आणि एकेक घर करत तिसऱ्या मजल्यापर्यंत आले. तेवढ्यात त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी धूळ, ऊन, माणसं, सगळं बंद केलं. सरांनी निरोप दिला की ज्याला काही सांगायचं असेल त्याने मायाबाईला सांगावं, ती माझ्यापर्यंत आणेल. गोलूला कोणी थांबवलं नव्हतं. त्याने हुकमाप्रमाणे चौथ्या मजल्यावरच्या लाइनी कापल्या. तिथली बाकीची घरं सुट्ट्यांत गावाला गेली होती. राहिल्या एकट्या इंदुताई, वर तापलेली गच्ची आणि आत गरम हवा फिरवणारा पंखा.

नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. एक दिवस रुपरावांनी इंदुताईंना आपल्या घरी कूलरसमोर बसवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने दार उघडायला वेळ लावला, तेव्हा बाई वर निघून गेल्या. मग दुकानाच्या सुट्टीचा वार पाहून त्या मायाच्या दारात आल्या. चेहरा लालभडक, ओठ फुटलेले. एका वर्षात दोघी पहिल्यांदा समोरासमोर उभ्या होत्या.

"माया, सरले एवढं सांग वं," त्या म्हणाल्या. "त्यायले वर येणं होत नसन तर गोलूनंच पाहावं. मले दोन रात्री झोप नाही. छातीत धडधडून राहिलं."

माया त्यांना आत या म्हणाली नाही. तिच्यामागे घरातला कूलर चालू होता आणि त्याची गार झुळूक दारापर्यंत येत होती. इंदुताई त्या झुळकीत नकळत एक पाऊल पुढे सरकल्या, ते मायाने पाहिलं.

"नियम सगळ्यायले सारखाच आहे, मॅडम. सांगतो मी सरले."

संध्याकाळी ती सरांकडे गेली. ते काळा चष्मा लावून अंधाऱ्या खोलीत पडले होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाचं काही म्हणणं आहे का, कोणाला त्रास तर होत नाही ना. मायाच्या तोंडात नाव आलं होतं. तिला फक्त ते उच्चारायचं होतं. सर त्याच क्षणी गोलूला वर धाडतील, डोळ्याची पर्वा न करता स्वतःही जातील, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच ती थांबली. आणखी एक दिवस तापू दे बाईला, तिच्या मनात आलं. कोणापाशी बोलायचं विचारत होती ना, कळू दे तिला.

"काही नाही सर," ती म्हणाली. "सगळं ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात लग्नाची गर्दी होती. दुपारी एकदा मायाला इंदुताईंची आठवण झाली. आज घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलंही. पण ती परतली तेव्हा गेटवर माणसं जमली होती आणि रुपराव पायरीवर डोकं धरून बसले होते. इंदुताई मोरीत सापडल्या होत्या. अंगावर ओलं पातळ गुंडाळून त्या फरशीवर पडल्या होत्या, आणि पातळ अंगावरच वाळलं होतं.

सर डोळ्यावरचा काळा चष्मा काढून वर आले. कोणी अडवलं तरी ऐकलं नाही. त्यांनी गोलूकडून इंदुताईंचा कूलर उघडवला. गोलूने वायर पाहिली, अर्थिंग पाहिलं आणि मान खाली घातली. प्रशिक गेला त्याच आठवड्यात बाईंनी ते नव्याने करून घेतलं होतं. संकुलात इतकं चोख काम दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

सर भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. रडता रडता त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "मले कोणी सांगतलं काहून नाही? मी काय नाही म्हणलो असतो?"

रुपराव मायाकडे पाहत होते. बाई खाली तिच्या दारात उभ्या होत्या, हे त्यांनी जिन्यातून पाहिलं होतं. त्यांनी एकदा तोंड उघडलं. मग त्यांना आपल्या सुनेचं दार आठवलं असावं, किंवा खालच्या जिन्याचा कठडा. तोंड मिटलं.

"मॅडम स्वभावानं मानी," माया म्हणाली. "कोणापाशी बोलल्याच नाही."

सरांनी ते मानलं. का मानू नये? त्यांच्या माहितीत मायाने आजवर खोटं सांगितलं नव्हतं.

इंदुताईंचा अंत्यविधी झाल्यावर सरांनी आपणहून सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. मी नालायक आहे, तुमची कमिटी परत घ्या, म्हणाले. मग खजिनदाराने विचारलं की सचिव कोण होणार, रुपराव तर नको. रुपरावांनी त्याच्या जावयाचं नाव काढलं. मागच्या बाकावरून कोणीतरी शिवी दिली. मायाने सरांकडे पाहिलं. ते डोळ्यात औषध घालत बसले होते, थकलेले, प्रामाणिक. तिने उठून सांगितलं की सरच राहू द्या. कोणीही नाही म्हणालं नाही. इंदुताईंची खुर्ची रिकामी होती.

सरांनी त्या दुःखातून नवा नियम काढला. साठीपुढच्या एकट्या माणसाने संकुलात राहायचं नाही. नातलगांकडे जावं, तिथं सोय नसेल तर वृद्धाश्रमाचं सर स्वतः पाहतील. पुन्हा कोणी असं एकटं मरू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पहिली पाळी दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधूताईंची आली. घर त्यांच्या नावावर होतं, मुलगा परदेशी. काटोलला पुतण्या होता, आणि त्याची बायको फोनवर काय बोलली ते सिंधूताईंनी कोणाला सांगितलं नाही.

त्यांना काटोलला न्यायला गाडी सरांनीच आणली. सीटवर उशी ठेवली, थंड पाण्याची बाटली ठेवली, वाटेत ऊन लागू नये म्हणून काचेला पडदा लावला. माया पिशवी घेऊन खाली आली. सिंधूताईंनी गाडीत बसायच्या आधी एकदा आपल्या गॅलरीकडे पाहिलं. तुळशीची कुंडी तिथेच राहिली होती. त्यांनी मायाचा हात धरला आणि पुटपुटल्या, "सरले सांगून पाह्य ना वं एकदा. तुह्यं ऐकतात ते."

"सांगतो," माया म्हणाली, आणि गाडीचं दार लावून घेतलं.

सर गेटशी उभे होते. त्यांनी विचारलं, म्हातारी काय म्हणत होती.

"तुम्हाले आशीर्वाद देऊन राहिली होती," माया म्हणाली.

सरांचे डोळे भरून आले. गाडी रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत ते हात हलवत राहिले.