अप्पांना कुणी सांगितलं

रक्षिताने ब्रेक एवढ्या जोरात दाबला, की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली खाली पडून घरंगळत पुढे आली. गाडी रस्ता सोडून कडेच्या तांबड्या मातीत जाऊन थांबली. एका अंगाला जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याआड आंब्याची मोहोरलेली कलमं होती, दुसऱ्या अंगाला खाली दुपारचा समुद्र नुसता चकाकत होता. त्याच्याकडे तिघींपैकी एकीचंही लक्ष नव्हतं.

“काय म्हणालीस?” रक्षिताने आरशातून मागे बघत विचारलं.

मागे बसलेल्या सुलक्षणाने खालचा ओठ दाताखाली धरला होता. तिच्या हातातल्या मोबाईलवर रक्षिताच्या भाच्याचा, दोन वर्षांच्या शिवांशचा फोटो होता. पाण्याने भरलेल्या घमेल्यात तो बसला होता. फोटो बघता बघता हसत ती बोलून गेली होती, की त्या वेळी निशाने अप्पांना फोन केला म्हणून बरं, नाहीतर हे गोड बाळ कुठून आलं असतं.

निशा म्हणजे निशिगंधा, रक्षिताच्या शेजारच्या सीटवर बसलेली. अप्पा म्हणजे रक्षिताचे वडील रुद्राप्पा. आणि तो फोन कुणी केला, हे रक्षिता गेली चार वर्षं शोधत होती.

तिने मान वळवून निशिगंधाकडे पाहिलं.

“तू?”

“व्हय,” निशिगंधा म्हणाली. “मीच केलता.”

कोल्हापुरात शिकताना तिघी एकाच खोलीत राहिल्या होत्या. रक्षिता गडहिंग्लजची, निशिगंधा गारगोटीची, सुलक्षणा कोडोलीची. नोकऱ्या लागल्या, दोघींची लग्नं झाली, रक्षिता शाळेत गणित शिकवत एकटीच राहिली. पण वर्षातून एक शनिवार-रविवार तिघींचा ठरलेला. यंदा फोंडा घाटाने देवगडला उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं, हे रक्षितानेच ठरवलं होतं. कुठे थांबायचं, कुठे जेवायचं, हेसुद्धा. सकाळी कुणकेश्वरला तिघी पाण्यात गुडघाभर उभ्या राहून पोरींसारख्या खिदळल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी रक्षिताच्या धाकट्या बहिणीचं, सौंदर्याचं, उदयसिंहशी लग्न ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे घरच्यांना न सांगता ठरलं होतं. मुलगा मराठ्यांचा, हे लिंगायत. अप्पा ऐकणार नाहीत हे धरूनच रक्षिताने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. वकील गाठला, साक्षीदार तयार केले, दोघांसाठी राजारामपुरीत भाड्याची खोली बघितली, चादरी-भांडी घेतली. सौंदर्या तेव्हा कोल्हापुरात तिच्याकडेच राहत होती. लग्नाला आठ दिवस उरले असताना ती शाळेतून परत आली तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, तुमचे वडील गाडी घेऊन आले होते, बहिणीला घेऊन गेले. सहा महिन्यांत सौंदर्याचं लग्न कोडोलीच्या मृत्युंजयशी लागलं. रक्षिता त्या लग्नाला गेली नाही. ती गेली होती ती गडहिंग्लजला अप्पांच्या दुकानात, लग्नाच्या आदल्या आठवड्यात, भर बाजारात. आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर तिने अप्पांना सांगितलं, की तुम्ही बाप नाही, कसाई आहात. अप्पा तूरडाळ तोलत होते. त्यांनी वजन पुरं केलं, पुडा बांधून समोरच्या बाईच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला विचारलं, काय पाहिजे. त्यानंतर तिने गडहिंग्लजच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आईला म्हणजे अव्वाला भेटायलासुद्धा नाही.

“का?” तिने निशिगंधाला विचारलं.

“ते मला सांगता यायचं न्हाय.”

“माझ्या खोलीत राहिलीस, माझ्या ताटात जेवलीस. साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहिलं होतं मी. आणि सांगता यायचं नाही?”

निशिगंधाने पर्स खांद्याला लावली. “मी उतरतो. मिठबावातनं एसटी मिळंल.”

“बस गप. मी सांगेपर्यंत कुणी उतरायचं नाही.”

तिने गाडी सुरू केली. पुढचे वीस किलोमीटर ती कुठेच थांबली नाही. रस्ता सुरूच्या बनातून गेला, खाडीवरच्या पुलावर चढला, पलीकडे पुन्हा समुद्राच्या कडेला आला. रक्षिता प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होती, समोरून काही येत नसतानाही. एकदा सुलक्षणा रडवेल्या आवाजात म्हणाली, जरा हळू घे. त्यावर रक्षिताने गिअर बदलला आणि गाडी आणखी पळवली. या निशाने दर दिवाळीला आपल्या घरी फराळ पाठवला होता. आपण अप्पांना शिव्या घालताना रात्र रात्र शेजारी बसून हं हं म्हणाली होती.

आचऱ्याच्या अलीकडे एका घरी राहायची सोय केलेली होती. घरच्या बाईंनी पडवीत चहा ठेवला, गरम घावणे आणले. रक्षिताने बॅग खोलीत टाकली आणि चहा न घेताच माडांमधल्या वाटेने किनाऱ्यावर गेली. चपला हातात घेऊन ती वाळूतून तरातरा चालत राहिली. लांबवर काही माणसं रापणीचं मोठं जाळं ओढत होती. ती त्यांच्या विरुद्ध दिशेला वळली आणि चालता चालताच तिने सौंदर्याला फोन लावला. ही बातमी तिला द्यायलाच हवी होती. तुझं वाटोळं कुणी केलं ते एकदाचं कळलं, हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

ते तिने सांगितलं. श्वास न घेता सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली.

“ऐकतेस ना? निशाने केला होता फोन. आपल्या निशाने.”

“माहीत हाय,” सौंदर्या म्हणाली.

रक्षिता थांबली. लाट येऊन तिच्या पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली.

“अक्का, मीच तिला करायला लावला होता. मला ते लग्न करायचं नव्हतं.”

मग ती हळूहळू बोलत राहिली, मधूनच शिवांशला काही बाही हातात देत. उदयसिंह वाईट नव्हता. वर्षभर आवडला होता, मग आवडेनासा झाला, एवढंच. पण तोवर वकील ठरला होता, खोली झाली होती, भांडी आली होती. निशाताई एक दिवस सहज घरी आली तेव्हा तिच्यापुढे रडू फुटलं. अप्पा आले तेव्हा आपण बॅग भरून दारात बसलो होतो. मृत्युंजयशी लग्नही नंतर आपल्याच मर्जीने झालं.

“मला का नाही सांगितलंस?” रक्षिता ओरडली.

“सांगितलं होतं की. तीनदा. मला नको वाटतंय, म्हणाले होते. तू म्हणालीस, हे तू बोलत नाहीस, अप्पांची भीती बोलतीय.”

रक्षिताला ते वाक्य आठवलं. कुठे उभी राहून ते म्हटलं होतं, तेही आठवलं. म्हणताना आपण किती शहाणे वाटलो होतो, तेसुद्धा.

“अप्पांना हे ठाऊक आहे?” तिने शेवटी विचारलं.

“जाताना गाडीतच सांगितलं मी. ते म्हणाले, अक्काला कळू द्यायचं न्हाय. माझ्यावर चिडली तर चिडू दे. तुझ्यावर चिडली तर जन्मभर बोलायची न्हाय ती.”

रक्षिताने फोन बंद केला. ती परत निघाली तेव्हा तिच्या चालण्यात मघापेक्षा जास्त जोर होता. चार वर्षं. सगळ्यांनी मिळून. बहिणीने, मैत्रिणीने, बापाने, आणि त्या सुलक्षणानेसुद्धा. आपल्याला काय झेपेल आणि काय नाही, हे या लोकांनी आपल्याला न विचारता परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी दिला होता यांना हा अधिकार? वाळूत पडलेला एक माडाचा झाप तिने लाथेने उडवला. तो जेमतेम हातभर सरकला आणि तिच्याच अंगठ्याला लागलं.

निशिगंधा पडवीच्या पायरीवर बसली होती. शेजारी चहाचा कप झाकून ठेवलेला होता.

“बोललीस तिच्याशी?” तिने विचारलं.

“तू मला सांगायला पाहिजे होतंस.”

“त्या दिवसांत तुला कुणाला काय सांगता येत होतं?”

“येत होतं!”

तिचा आवाज एवढा चढला, की स्वयंपाकघरातून बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि सुलक्षणा खोलीच्या दारात आली. निशिगंधाने फक्त मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली वळवली. रक्षिताचं तोंड आणखी काही बोलायला उघडलं होतं. ते तिने मिटलं.

मग तिने तिथेच, त्या दोघींसमोर आणि बाईंसमोर उभं राहून अप्पांचा नंबर लावला. तो मोबाईलमध्ये नावाने ठेवलेला नव्हता. तिने तो एकेक आकडा दाबून लावला. बराच वेळ रिंग वाजली.

“कोण?”

“मी बोलतोय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुकानातली बोलणी लांब गेली. अप्पा बाहेर आले असावेत.

“समुद्राला गेल्तीस म्हणं,” ते म्हणाले. “धाकटी म्हणत होती.”

“चार वर्षं तुम्ही गप्प का बसलात?” तिचे शब्द दातांवर आपटत बाहेर पडत होते. “लोकांसमोर मी तुम्हांला काय काय बोललो. तुम्ही एका शब्दानं सांगायचं होतं. मला कशाला बोलू दिलंत तसं?”

अप्पांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा.

“मी उद्या येणार आहे,” ती म्हणाली. “भांडायला येणार आहे. तयारीत रहा.”

“दुकानात नको येऊस,” अप्पा म्हणाले. “घरी ये. अव्वाला सांगून ठेवतो.”

फोन बंद झाला. बाई आत निघून गेल्या. रक्षिता पायरीवर बसली, निशिगंधापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तिने झाकण काढून तो गार झालेला चहा एका दमात संपवला आणि कप खाली आदळला.

“तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही,” ती म्हणाली.

“असू दे.”

समोर माडांच्या झावळ्यांमधून ऊन तिरपं होत चाललं होतं. रक्षिता अंगठ्यावरची वाळू झाडत बराच वेळ बसून राहिली. मग निशिगंधाकडे न बघताच तिने विचारलं,

“आंबोलीनं गेलं तर गडहिंग्लजला जेवणाच्या वेळेला पोचायला इथनं किती वाजता निघावं लागंल?”