ठकीचे तळवे

तिने लेकीचा, ठकीचा पाय टबातून वर उचलला, तळवा उजेडाकडे वळवला आणि साबण खाली ठेवला. अंगठ्याखालची कातडी राठ झाली होती. दुसरा पायही तसाच. ठकी खुशाल पाणी उडवत होती.

सकाळीच ठकीने पहिली चार पावलं टाकली होती. पलंगाच्या कडेपासून थेट तिच्या, आईच्या मांडीपर्यंत. थोरल्या जाऊबाईंनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारीण डोकावून गेली. आईला तर रडूच आलं. कारखान्यात खाडे न करता अकरा महिने काढले, तरी हे नेमकं सुट्टीच्या दिवशी आपल्या वाट्याला आलं, असं ती माहेरी फोन करून तीनतीनदा सांगत होती.

पण चार पावलांनी कातडी राठ होत नाही. बाटल्यांच्या कारखान्यात ती नऊ वर्षं पांढऱ्या दिव्यासमोर बसत होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटलीत केसाएवढा तडा असला तरी तिचा हात आपोआप पुढे व्हायचा आणि बाटली पिंपात जायची. तिची नजर घरी आल्यावरही सुट्टी घेत नसे.

टॉवेलात गुंडाळलेली ठकी घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"ताई, ही कधीपासून चालतेय?"

जाऊबाई ओटा पुसत होत्या. "अगं, सकाळी तूच तर बघितलंस."

"तळवे बघितलेत मी तिचे."

जाऊबाईंनी फडकं पिळलं. पाणी निथळून गेल्यावरही पिळत राहिल्या.

"बारा दिवस झाले," त्या म्हणाल्या. "मागच्या रविवारी तुझी जादा पाळी निघाली. म्हणून मग तू यायच्या वेळेला कडेवर घेऊन बसायचे. पाय झाडायची, रडायची. पण म्हटलं, पहिलं पाऊल आईला सुट्टीच्या दिवशी निवांत दिसू दे."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळचं आपलं रडणं, ते फोन, सगळं या बाईने ठरवून पदरात टाकलेलं होतं. आपली कोणाला कीव यावी, याचाच तिला संताप आला.

"म्हणजे बारा दिवस माझ्या पोरीला डांबून ठेवलंत."

"डांबून नाही गं, संध्याकाळचा जरासा वेळ..."

"स्वतःची असती तर धरून ठेवली असतीत?"

हे कुठे लागेल ते तिला नीट ठाऊक होतं. म्हणूनच ती बोलली. जाऊबाईंना मूल नव्हतं, आणि घरात इतक्या वर्षांत तो विषय कोणी काढला नव्हता. त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं आणि आत निघून गेल्या.

"अगं, त्यांनी तुझ्यासाठीच केलं ना," नवरा जेवताना पुटपुटला.

"तू मध्ये पडू नकोस."

तो पडला नाही. मध्ये न पडण्यात त्याचा हात धरणारा त्या घरात कोणी नव्हता.

सोमवारपासून ठकी कारखान्याजवळच्या पाळणाघरात जाऊ लागली. रोज सकाळी तिची पिशवी दाराशी भरलेली असायची: कपडे, दुधाची बाटली, तोंड पुसायचं फडकं. कोणी भरायला सांगितलं नव्हतं, आणि कोणी भरू नका असंही म्हटलं नाही. जाऊबाई ठकीला आता उचलून घेत नसत. ती जवळ आली की डोक्यावरून हात फिरवत आणि कामाला लागत. हे पाहून ठकीच्या आईला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, चांगलं बरं वाटायचं.

दहाव्या दिवशी ती ठकीला न्यायला गेली, तेव्हा पाळणाघरवाली ठकीच्या बुटांचे बंद बांधत होती.

"तुमची आज बोलली बरं का."

"काय बोलली?"

"शब्द बोलली चक्क. स्पष्ट. मी जुळ्यांना भरवत होते."

"पण काय म्हणाली?"

"आता ते कसं लक्षात राहणार, बाई? बावीस पोरं आहेत. उद्या म्हणेल की परत."

रस्त्यात दोनदा थांबून तिने ठकीच्या विनवण्या केल्या. बोल ना, सोन्या, काय म्हणालीस? ठकी पिशवीचा पट्टा चघळत राहिली.

घरी जाऊबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. तिने चपला काढल्या, ठकीला खाली सोडलं आणि मुद्दाम त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ठकी आज पहिल्यांदा बोलली."

जाऊबाईंचा हात थांबला. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय म्हणाली?"

"आई म्हणाली."

जीभ जराही अडखळली नाही. आता समोरचा चेहरा कसा पडतो, ते ती बघत राहिली.

"म्हणाली?" जाऊबाईंनी ताट बाजूला सारलं. "खरंच म्हणाली? अगं, चार महिने तेच शिकवत होते मी. तू कामावर गेलीस की तुझा फोटो पुढे धरून. आई म्हण, आई म्हण. लबाड पोरीने एकदा म्हणून दाखवलं नाही मला." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "तुझ्यासमोरच म्हणाली ना पण?"

"हो," ती म्हणाली.